पूर्वेकडची हवा

चंद्रपूर,
२९ जानेवारी

प्रिय रंजी,

हे पाकीट तुझ्या उपकेंद्रापर्यंत पोचायला आठवडा तरी लागेल, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. फोन करता आला असता. पण टेकडीवर चढल्याशिवाय तुला नेटवर्क मिळत नाही, आणि मला सांगायचंय ते दोन मिनिटांत उरकणारं नाही. शिवाय एक विषय असा आहे की तो निघाला की तू फोन ठेवतेस. पत्र रागाने बाजूला टाकलंस तरी नंतर पुन्हा उचलशील, एवढ्या भरवशावर लिहायला बसले आहे.

माझ्या नोकरीचं तुला अर्धंच माहीत आहे. 'हवेचं मशीन चालवते' एवढं सांगितलं होतं आणि तू हसली होतीस. चंद्रपूरच्या बाहेर एक बंद पडलेली उघडी कोळसा खाण आहे. खड्ड्यात पाणी साचून हिरवट निळा तलाव झालाय, काठावरच्या मातीच्या ढिगांवर बाभळी आणि घाणेरी माजली आहे. तिथेच एका सपाट तुकड्यावर आमचं मशीन उभं आहे. दोन मोठे कंटेनर एकावर एक ठेवावेत एवढं. एका अंगाने पंखे हवा आत ओढतात, आत पांढऱ्या दाण्यांचे थर असतात, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात आणि उरलेली हवा दुसऱ्या अंगाने बाहेर पडते. दाणे भरले की झडपा लावून ते तापवायचे, म्हणजे धरलेला वायू सुटतो. तो बाटल्यांत भरून पाठवतात, सिमेंटच्या ठोकळ्यांत घालून पाहतात. सगळं एका वर्षाच्या प्रयोगासाठी. वीज शेजारच्या सौर पट्ट्यांची, म्हणून ऊन चढलं की पंखे सुरू होतात आणि ऊन कललं की आपसूक मंद होत जातात. दूरच्या गावात धानाची मळणी चालू असावी, तसा त्यांचा आवाज. दुपारी त्या आवाजाजवळ बसलं की डोळे मिटायला लागतात.

पण मला खरी ओढ लागली ती मशीनपेक्षा त्याच्या पडद्याची. बाहेरच्या हवेत हा वायू किती आहे, ते रात्रंदिवस मोजलं जातं आणि पडद्यावर त्याची एक रेघ उमटत राहते. उजाडायच्या आधी रेघ सगळ्यात वर असते. रात्रभर झाडं, माती, पानांचा कुजणारा थर, सगळे श्वास सोडत असतात आणि थंड हवा तो जमिनीशी दाबून धरते. ऊन पडलं की पानं कामाला लागतात आणि रेघ खाली उतरते. दुपारी पार तळाशी. संध्याकाळी पुन्हा चढते. एप्रिलात मोहफुलांसाठी झाडांखालचा पाचोळा पेटवतात तेव्हा ती वेडीवाकडी उडते. भादव्यात धान पोटरीत असताना इतकी खाली गेली होती की मला वाटलं यंत्र बिघडलं. सकाळी कुलूप उघडून मी आधी तिच्यासमोर उभी राहते. कोणीतरी खूप मोठं, झोपलेलं, आणि त्याची छाती वरखाली होताना मी पाहतेय, असं वाटतं. तू असतीस तर नाडीवर बोटं ठेवून ठोके मोजले असतेस.

मी रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ कुंपणाशी आले. डोक्याला दुपट्टा, हातात काठी, चार पावलं टाकली की थांबून दम घ्यायचे. मला म्हणाले, "बाई, हे मशीन हवा साफ करते म्हणते गावात. खरं का?" मी नवी होते. फाटकावरच्या पाटीवरही तसंच काहीतरी लिहिलेलं. मी 'हो' म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते घरून प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन आले आणि जिथून हवा बाहेर पडते तिथे, बरोबर झोतासमोर मांडून बसले. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून. तासाभराने उठले आणि म्हणाले, "बरं वाटून राह्यलं. उद्या येतो."

आणि ते रोज येत राहिले. मी फाटक उघडायचे, ते खुर्ची मांडायचे. मी डबा उघडला की तेही फडक्यातली भाकर सोडायचे. उन्हाळ्यात ताडपत्रीची सावली करून दिली. पावसाळ्यात छत्री धरून बसायचे. कधी बोलायचे, कधी दोन-दोन तास नुसतं ऐकत. एकतीस वर्षं खाणीत डम्पर चालवला होता त्यांनी, याच खाणीत, जिच्या काठावर आम्ही बसलो होतो. समोरच्या पाण्याकडे बोट करून सांगायचे, इथून रस्ता खाली जायचा, तिथे वळण होतं, तिथे एकदा सांबर आडवं आलं होतं आणि सगळे डम्पर थांबले होते. सांगताना त्यांचा हात हवेत स्टिअरिंग फिरवायचा. मी पाण्याकडे पाहत राहायचे. कधीकधी मलाही तो रस्ता पाण्याखाली उतरत गेलेला दिसायचा.

रंजी, आता पत्र खाली ठेवू नकोस. ते गृहस्थ म्हणजे तुझे बाबा.

मला ते कळायला चार दिवस लागले. आपण हॉस्टेलच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा ते एकदा लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आले होते, आठवतं? फाटकाच्या आत पुरुषांना येऊ देत नव्हते, म्हणून ते रस्त्यावरूनच तुझ्या नावाने ओरडले आणि तू लाजेने लाल झाली होतीस. त्याच आवाजात एके दिवशी त्यांनी रस्त्यावरच्या बकऱ्यांना हाकललं आणि मी चमकून पाहिलं. नाव विचारलं. मुखरू. मग शंका उरली नाही. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी फाटकाआडून पाहिलेली एक मुलगी कोण कशाला लक्षात ठेवेल?  त्यांना सांगितलं नाही की मी रंजीताची मैत्रीण, आणि तुला सांगितलं नाही की मी रोज तुझ्या बाबांसोबत जेवते. तू जातीबाहेर, पवनशी लग्न केलंस तेव्हा 'मले पोरगी नव्हतीच' असं ते म्हणाल्याचं तूच मला सांगितलं होतंस, कोरड्या डोळ्यांनी. त्यानंतर एकदा मी त्यांचं नुसतं नाव काढलं तर तू फोन ठेवलास. मला वाटलं, दोघांच्या मध्ये आपण गप्प राहिलेलं बरं. आता विचार करते तेव्हा वाटतं, मला ती दुपारची सोबत सोडायची नव्हती. माझे स्वतःचे वडील मी पाहिलेले नाहीत, तुला ठाऊकच आहे.

आता जे लिहिते ते वाचून तुला राग येईल. तू नर्स आहेस, तो यायलाच हवा. मशीनमधून येणाऱ्या हवेने छातीला काही फायदा होत नाही. पंख्यांपुढे धुळीच्या जाळ्या आहेत, त्यामुळे धूळ थोडी कमी असेल, एवढंच. जो वायू आम्ही काढतो त्याचा त्यांच्या दम्याशी काहीच संबंध नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते डोळे मिटून बसले की चेहऱ्यावर अशी शांती यायची की मला बोलवत नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू असं करत दहा महिने गेले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धुकं पडलं होतं. सकाळचे नऊ वाजले तरी तलाव दिसत नव्हता. ते आले, खुर्ची मांडता मांडता खाली बसले आणि त्यांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. मी ओरडले, "भाऊ, पंप कुठी आहे तुमचा?" त्यांनी हात हलवला. तुटक तुटक म्हणाले, "सोडला... महिना झाला... तुह्या मशीनच्या हवेनं... बरं वाटते न."  आमच्या गाडीचा ड्रायव्हर तिथेच होता म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचलो. वाफ दिली, ऑक्सिजन लावला, तासाभराने ओठांचा रंग परत आला. डॉक्टरांनी मला मुलगी समजून झापलं. मी सगळं ऐकून घेतलं.

मग कागद भरणाऱ्या बाईंनी जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला. मला वाटलं ते शेजाऱ्याचा देतील. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि दहा आकडे सांगितले, एकदाही न अडखळता. मी माझ्या फोनवर ते दाबत गेले. दहावा आकडा दाबला आणि पडद्यावर नाव आलं, 'रंजी', आणि तुझा तो फोटो, कडेवर सोमारी, मागे नवीन घराची कुडाची भिंत. मी फोन त्यांच्यापासून वळवायच्या आत त्यांनी पाहिला होता. खूप वेळ पाहत राहिले. मला वाटलं, विचारतील, तू कोण, तुझ्याकडे हा नंबर कसा. ते म्हणाले, "हे लेकरू कोनाचं?"

मी म्हटलं, "तिचंच. सोमारी नाव आहे. सासूचं नाव ठेवलं. चार वर्षांची झाली."

"लावू नको फोन," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "फोटो असू दे थोडा." पडदा काळा झाला की मी बोट लावत होते. असं किती वेळा केलं कोण जाणे.

दोन दिवसांनी घरी सोडायला गेले तेव्हा गाडीतच सगळं सांगितलं. मी तुझी कोण ते सांगितलं, आणि मशीनचंही. ते काचेबाहेर पाहत होते. म्हणाले, "मंग इतके दिवस मले काऊन बसू देलं?"  मग विचारलं, "काय काढते तं मंग ते?" मी सांगितलं, कोळसा जाळला की जो वायू निघतो, दिसत नाही, वास येत नाही, वर जाऊन राहतो आणि जग तापवतो, तो. "म्हंजे आमी खाली जाऊन काढला, त्याचाच?" मी मान हलवली. दिवसाला किती काढते ते विचारलं. शंभर किलो, चांगलं ऊन असेल तर. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मला दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि पुन्हा मोजलं. "माह्या डम्परच्या एका खेपेले तुह्या मशीनले तीन वर्षं लागतीन," म्हणाले. हिशेब बरोबर होता. मी रात्री कागदावर करून पाहिला. घराशी उतरताना एवढंच बोलले, "एकतीस वर्षं खेपा केल्या व पोरी. दिवसाच्या पंधरा-पंधरा."

त्यानंतर अकरा दिवस ते आले नाहीत. खुर्ची झोतासमोर तशीच पडून होती, मी ती हलवली नाही. बाराव्या दिवशी सकाळी आले. खिशातून पंप काढून मला दाखवला, माझ्यासमोर दोनदा ओढला आणि खुर्ची उचलून आत, पडद्याच्या खोलीत घेऊन आले. "घरी भिंतीकडे पाहून पाहून किती पाहावं?" म्हणाले. "हे काय रेघ आहे, सांग मले."

मी त्यांना रेघ वाचायला शिकवली. दोन दिवसांत माझ्यापेक्षा बरी वाचू लागले. पहाटेचा उंचवटा पाहून म्हणायचे, "आज दव जास्त होतं, दाबून धरलं पाह्य." खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारं एक छोटं पातं आहे, त्याचीही नोंद पडद्यावर येते. पश्चिमेचा वारा असला की आकडा चढा असतो, तिकडे सगळी धुराडी. पूर्वेचा असला की उतरतो. त्यांनी विचारलं, "पूर्वेकडून येते ते कोनाकडली हवा?" मी म्हटलं, मूल गावाकडची, मग वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीच्या जंगलाची.  मला पुन्हा खोटं नको होतं, म्हणून हेही सांगितलं की एवढ्या लांबून येताना वाटेत सगळं मिसळून जातं, नेमक्या कोणत्या जंगलातून आली ते हा आकडा सांगू शकत नाही. "असू दे," म्हणाले. "तिकडूनच तं येते न."

तेव्हापासून असं झालंय, रंजी. आले की आधी पातं पाहतात. वारा दुसरीकडचा असेल तर जेवून, थोडं बोलून दुपारीच निघतात. पूर्वेचा असेल तर खुर्ची दारात ओढतात, तोंड पूर्वेला करून, आणि संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. या महिन्यात पूर्वेचा वारा खूप वाहिला. तिरप्या उन्हात ढिगांवरचं गवत सोनेरी होतं, पंखे हळूहळू थांबत जातात, तलावावर बगळे उतरतात, आणि ते तसेच बसलेले असतात. तुझं नाव एकदाही घेत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "पवन आत्राम काय करते गा आता?" मला 'गा' म्हणाले, जसं बाप्यांना म्हणतात; म्हणजे ते माझ्याशी बोलतच नव्हते. मी सांगितलं, ग्रामसभेच्या जंगलाचं काम पाहतो, बांबू कोणता तोडायचा, कोणता ठेवायचा, ते त्याच्या सहीने ठरतं.  मग म्हणाले, "म्हंजे राखते तो. मी खोदलं, त्यानं राखलं." आणि डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तोंड पुसलं, घाम नसताना.

आता पत्राचं कारण सांगते. प्रयोगाचं वर्ष मार्चमध्ये संपतंय. मशीन उकलून दुसऱ्या राज्यात नेणार आहेत आणि मलाही सोबत जायचं आहे. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते फक्त 'बरं' म्हणाले. चार दिवसांनी मीच सहज विचारलं, भाऊ, महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला येता का माझ्यासोबत? देवळात न जाणारा माणूस, पण 'येतो' म्हणाले, मी वाक्य पुरं करायच्या आत. तुला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही. पण काल ते बाजारातून आले ते पिशवी घेऊन, आणि खालमानेने मला म्हणाले, "चार वर्षाच्या पोरीले हे होईन का पाह्य बरं." पिवळा फ्रॉक आहे, रंजी, छातीवर जाळीचं फूल असलेला, आणि मापाने चांगला मोठा. मी म्हटलं, होईल, थोडा ढगळ होईल. म्हणाले, "ढगळच बरा. उद्या नाई झालं तं वर्षभरानं होईन." माफ कर असं तुला मी सांगणार नाही, ते तुझं तुलाच ठरवायचं आहे. महाशिवरात्रीला गर्दी फार असते, म्हणून त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही मूलमार्गे जाणाऱ्या चामोर्शीच्या पहिल्या बसने निघतो. दहापर्यंत पोचू. देवळामागे नदीकडे वाट उतरते, तिथे सावली पाहून बसू, त्यांना जास्त चालवत नाही. आलापल्लीवरून तुम्हालाही तेवढाच वेळ लागेल. तू आली नाहीस तर त्यांना दर्शन घडवून संध्याकाळी परत आणीन आणि तुला कधी काही विचारणार नाही. आलीस तर सोमारीला आण, आणि पवनलाही.

तुझीच,
दिव्यानी